अख्खी बघायची

आमच्या घरमालकाकडं लग्नाची सीडी दुरुस्तीला दिली की ते लग्न पुन्हा एकदा लागायचं आणि सीडीवाल्याला पंगत उठेपर्यंत हलता यायचं नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी बजाजनगरात दुसरी खोली बघितली असती.

खोली तशी झकास होती. वरचा मजला, समोर गच्ची, पाण्याची बोंब नाही, आणि माझी कंपनी सायकलवर जाण्याइतकी जवळ. खाली घरमालक आणि त्यांची बायको, दोघंच. सगळी कॉलनी त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही अण्णा म्हणायला लागलो. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांनी अख्खी नोकरी तपासणी खात्यात काढली होती. समोर आलेला नग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं. रिटायर झाल्यावर नग यायचे थांबले, पण सवय थोडीच थांबते! पहिले काही महिने त्यांनी काकूंच्या भाकरी तपासल्या. एक दिवस काकूंनी रिजेक्ट झालेली भाकरी ताटातून उचलली, गल्लीतल्या गाईला घातली आणि दुसरी वाढलीच नाही. त्यानंतर अण्णा सीड्यांकडं वळले. हे मला काकूंनीच सांगितलं, आणि सांगताना त्या अजिबात हसल्या नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, हल्ली सीडी कोण वापरतं? मीही तेच म्हणालो होतो. अण्णा म्हणाले, “वापरत कोणीच नाय. पण फेकतंय का कोणी?” खरंच होतं. ज्याच्या त्याच्या कपाटात एक तरी सीडी पडलेली असते: लग्नाची, बारशाची, गेलेल्या माणसाच्या भजनाची. ती लागत नाही आणि टाकवतही नाही. असे लोक पार शहरातून अण्णांचं घर शोधत यायचे. अण्णा पैसे घेत नसत. घेतले असते तर बरं झालं असतं, लोक पैसे देऊन पळाले तरी असते.

त्यांचं काम बघायला मात्र मजा यायची. आधी सीडी कोमट पाण्यात धुवायची. मग पंख्याखाली न धरता आपोआप वाळू द्यायची, कारण पंखा धूळ आणतो. मग काकूंच्या जुन्या लुगड्याचं मऊ फडकं आणि पांढरी टूथपेस्ट. पांढरीच. जेलवाली पेस्ट कुणी पुढं केली तर अण्णा त्या माणसाकडं कीव आल्यासारखं बघायचे. आणि पुसायचं ते मधल्या भोकापासून काठाकडं, सरळ रेघेत. गोल कधीच नाही. “आडवा चरा असला तर मशीन त्याच्यावरनं उडी मारून जातं,” ते सांगायचे. “गोल चरा म्हंजे रस्त्याच्या कडेकडेनं खणलेला नालाच. मशीन त्याच्यात घुसलं की बसलं!” हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की आत कणीक मळणाऱ्या काकूंचे ओठ त्यांच्याबरोबर हलायचे.

दुसरं वाक्य वरच्या बाजूबद्दल. लोकांना वाटतं, सीडीची चकचकीत बाजू नाजूक आणि नाव लिहिलेली बाजू दणकट. अण्णांच्या मते हा लोकांचा अडाणीपणा होता. “खालनं ओरबाडली तर मी हाय. वरनं ओरबाडली तर देव पण नाय. सगळा माल त्या नावाच्या खालीच चिकटलेला असतोय.”

चरा बघून तो कशाचा आहे हेसुद्धा सांगायचे. ही टेबलावर उलटी ठेवली. ही पोरांनी गाडीचं चाक म्हणून फिरवली. एकदा शेजारच्या गल्लीतला एक माणूस आला, तेव्हा सीडी उजेडात धरून म्हणाले, “ही भिंतीवर फेकलीय. घरात भांडण चाललंय का?” तो माणूस लाल झाला आणि सीडी तिथंच ठेवून निघाला. अण्णांनी त्याला दारातून परत बोलावलं. त्याची काळजी वाटली म्हणून नव्हे, तर तपासणी राहिली होती म्हणून.

हा तपासणीचा नियमच खरा जीवघेणा होता. दुरुस्त झालेली सीडी अण्णा कुणाच्या हातात तशी देत नसत. ज्याची सीडी त्यानं समोर बसायचं आणि ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. पळवायची नाही, मधे उठायचं नाही. “चरा कुठं लपून बसला असंल कोणाला ठाव?” लोक हातापाया पडायचे. एका रिक्षावाल्यानं शेकडो गाण्यांची सीडी आणली होती. तो दुसऱ्या दिवशी दुपारी सुटला, आणि पुढं आमच्या गल्लीतलं भाडंसुद्धा नाकारायला लागला. एकानं प्रिंटरबरोबर आलेली सीडी दिली. टीव्हीवर काही दिसेना, नुसता निळा पडदा. अण्णा त्या निळ्या पडद्यासमोर जेवणाची वेळ होईपर्यंत बसले आणि म्हणाले, “आत काय नाय. पण अडकली कुठंच नाय. पास.” इंग्रजी शिकवणाऱ्या सीडीनंतर तर ते आठवडाभर दूधवाल्याला ‘हाऊ डू यू डू’ म्हणत होते. दूधवाला बिचारा दर वेळी ‘एक लिटर’ म्हणायचा.

घरात मी आयता सापडलेला भाडेकरू. सीडीवाला पळाला की त्याच्या जागी मला बसवायचे. कॉलनीतली निम्मी लग्नं मी अशी बघितली आहेत. ज्यांना मी रस्त्यात ओळखतसुद्धा नाही अशा बायकांच्या मामांची नावं मला पाठ होती.

पण या सगळ्या लग्नांत एका लग्नाचा विषय त्या घरात काढायचा नव्हता.

अण्णांना एक मुलगी होती. होती म्हणजे आहे, चितेगावला, चांगली धडधाकट. तिनं लग्न केलं ते अण्णांच्याच कारखान्यातल्या एका जोडीदाराच्या मुलाशी. जोडीदार बौद्ध. अण्णा आणि तो, दोघांनी वर्षानुवर्षं एका बाकावर बसून डबा खाल्ला होता. त्याच्या डब्यातलं वांग्याचं कालवण अण्णा आपल्या भाकरीवर वाढून घ्यायचे, आणि घरी काकू तसंच करायला गेल्या की “त्याच्यासारखं जमलं नाय” म्हणायचे. आणि ज्याचं कालवण बोटं चाटून खाल्लं त्याच्या घरात पोरगी द्यायची म्हटल्यावर हेच अण्णा म्हणाले, “आमच्यात चालत नाय. भावकी काय म्हणंल?” आता याला काय म्हणावं! भावकी कधी डबा घेऊन आली होती का?

लग्न झालंच. अण्णा गेले नाहीत. काकूंनाही त्यांनी बजावलं, त्या दिवशी काकू दौलताबादला बहिणीकडं जाऊन राहिल्या. तेव्हापासून मुलीनं या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. तिला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तरी नातीचं तोंड आजोबांनी बघितलं नव्हतं. काकू बादलीभर कपडे घेऊन गच्चीवर यायच्या आणि फोन लावायच्या. कपडे वाळत घालायला एवढा वेळ लागतो हे मला तिथं राहूनच कळलं. फोन ठेवल्यावर मला म्हणायच्या, “मरायच्या आधी एकदा तिला माझ्या हातानं या घरात वाढायचंय. दुसरं काय मागत नाय मी.” आणि मग रिकामी बादली घेऊन जिना उतरायच्या.

एका शनिवारी काकू बादलीशिवाय वर आल्या. पदराखालून एक सीडी काढून माझ्या हातात ठेवली.

“तुमची म्हणून द्या त्यांना.”

“माझी? काय आहे हिच्यात?”

“काय असायचंय? लग्न हाय.”

“कुणाचं?”

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की माझं शिक्षण वाया गेल्याचं मला तत्काळ कळलं.  मी विचारलं, दुसरी प्रत आहे का. नव्हती. मुलीकडची कधीच हरवली होती आणि ज्यानं शूटिंग केलं त्याचं दुकान उठलं होतं.

“काकू, आणि त्यांनी मोडून टाकली म्हणजे?”

“मोडू द्या,” काकू म्हणाल्या. “पण आधी बघतील. अख्खी बघितल्याबिगर ते काय मोडायचे नायत.”

मी जिना उतरलो तो देवाचं नाव घेतच. अण्णा खुर्चीत बसले होते, काकू स्वयंपाकघरात भांडी घासायला लागल्या होत्या. गरजेपेक्षा जास्त आवाज करत.

“कोणाची?” अण्णांनी विचारलं.

“मित्राची.”

“कुठला मित्र?”

“चितेगावचा.” हे बोलून झालं आणि स्वतःची जीभ हासडावीशी वाटली. जगात काय गावं कमी होती?

अण्णांनी सीडी उजेडात धरली. एकदा फिरवली, पुन्हा फिरवली. उलटी केली, सुलटी केली.

“तुमच्या मित्राच्या घरी तारेची घासणी हाय.”

“असंल की. सगळ्यांच्याच घरी असते.”

“गोल घासलीय. चांगली दाबून दाबून. कोणाला लई दिवस कामाला लावायचं असलं म्हंजे अशी घासावी.” त्यांनी वरची बाजू माझ्यापुढं धरली. “आणि हिकडनं बघा. एक ओरखडा नाय. जिनं घासलीय तिला ठाव हाय कुठं घासायचं आणि कुठं हात लावायचा नाय.”

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. सीडीला चरे पडले म्हणून काकूंनी ती दुरुस्तीला दिली नव्हती. दुरुस्तीला देता यावी म्हणून त्यांनी स्वतः चरे पाडले होते, आणि तेही नवऱ्यानं रोज ऐकवलेल्या नियमानं, खालून आणि गोल. पोरीच्या लग्नाची एकुलती एक सीडी घासणीनं घासताना त्या बाईचा जीव किती वरखाली झाला असेल! आणि अण्णांनीही ते ओळखलं होतं. मी तिथं चोरासारखा उभा.

“ठेवा,” अण्णा म्हणाले. “टाईम लागंल.”

लागलाच. लुगड्याची फडकी संपली, पेस्टच्या नळ्या पिळून चपट्या झाल्या. घरात दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती. शेवटी एका रविवारी चहा झाल्यावर जिन्याखालून हाक आली, “ओ भाऊ, तुमच्या मित्राची तपासणी हाय.”

मी खाली जाऊन बसलो. काकू पीठ लागलेले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. अण्णांनी सीडी लावली.

हॉलच्या बाहेरची कमान दिसली. मग मूर्तीपुढं मेणबत्त्या लावणारे हात. मग ती आली. पांढऱ्या साडीत, केसांत मोगरा, आणि चेहरा असा की रडू आलं तरी रडणार नाही. हुबेहूब अण्णांचं नाक. मी चोरून अण्णांकडं बघितलं. ते नग बघत होते. डोळे बारीक, मान किंचित कलती, हात मांडीवर. त्रिशरण झालं, पंचशील झालं, मुलाच्या मामाचं भाषण झालं. मामा भारी बोलघेवडा होता. पण पळवायचं नाही, म्हणजे नाही.

मग पंगत आली. कॅमेरा जेवणाऱ्यांच्या तोंडावरून फिरत फिरत पार टोकाला गेला, आणि तिथं खांबाला खेटून काकू जेवत होत्या. जांभळी साडी, डोक्यावर पदर, ताटात ढीगभर बुंदी.



“तू दौलताबादला गेली होतीस,” अण्णा टीव्हीकडं बघत म्हणाले.

“व्हय,” दारातून काकू.

“हे दौलताबाद हाय?”

“नाय.”

टीव्हीतल्या काकूंनी बुंदीचा घास घेतला. अण्णांनी तो त्यांना गिळू दिला.

“बुंदी बरी होती का?”

“चांगली होती,” काकू म्हणाल्या. “जरा कमी गोड होती.”

 वाढपी आले, गेले, नवरानवरी गाडीत बसली, पडदा काळा झाला. आता काय होतंय म्हणून मी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसलो होतो. अण्णांनी सीडी बाहेर काढली, उजेडात धरली.

“अडकतीय,” म्हणाले. “पुन्हा करावी लागंल.”

मायला, सीडी कुठंच अडकली नव्हती! एक क्षणभरसुद्धा नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी दारातून डोळे वटारले, म्हणून गप्प बसलो.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. अडकली नाही आणि अण्णा म्हणाले, अडकतीय. त्याच्या पुढच्या रविवारीही. मामाचं भाषण मला तोंडपाठ झालं. काकू आता दारात उभ्या राहत नव्हत्या, अण्णांच्या खुर्चीशेजारी पाट टाकून बसायच्या. मुलगी पडद्यावर आली की अण्णा चष्मा पुसायचे, तोही मधून काठाकडं. मला एका बाजूला हसू येत होतं आणि दुसऱ्या बाजूला राग. अरे, पोरगी जिवंत आहे, बसनं गेलं तर तासाभरात भेटंल, आणि हा माणूस दर रविवारी तिला टीव्हीत बघून सीडी नापास करतोय!

एका रविवारी स्टेजवर वधूवरांच्या आईवडिलांना बोलावलं तिथं अण्णांनी पहिल्यांदाच सीडी थांबवली. मुलीच्या बाजूला तो बोलघेवडा मामा उभा होता.

“हा माणूस चुकीच्या जागी उभा हाय,” अण्णा म्हणाले. “हा मुलाचा मामा ना? मग पोरीच्या बाजूला काय करायलाय?”

माझा संयम सुटला. भाडेकरू असल्याचं विसरलो. म्हणालो, “अण्णा, जागा रिकामी होती म्हणून उभा राहिला बिचारा! ज्यानं उभं राहायचं तो इथं घरात बसला होता, आणि काकू तुमच्या धाकानं खांबामागं. त्या मामाला नावं ठेवू नका. त्यानं तुमची पोरगी स्टेजवर एकटी पडू दिली नाही.”

बोलून तर बसलो. झालं, आता उद्या खोली खाली करा. पंखा फिरत होता, मामा हात जोडून पडद्यावर थांबला होता. काकूंनी पदर तोंडाशी धरला होता.

अण्णांनी बराच वेळ मामाकडं बघितलं.

“पोटाला आवळून बांधल्यागत होतंय हे बघून,” ते हळूच म्हणाले. माझ्याशी नाही, काकूंशी. “पहिल्या बारीलाच झालं होतं. चुकलं माझं. लई चुकलं.”

काकूंनी नुसता खुर्चीच्या हातावर हात ठेवला, पिठाचा.

“बोलव तिला,” अण्णा म्हणाले. मग घसा खाकरून, “एकटी नको म्हणाव.”

काकू उठल्या त्या फोनपाशी कधी पोचल्या ते मला दिसलंसुद्धा नाही. आणि त्या दिवशी फोन करायला त्या गच्चीवर आल्या नाहीत, खाली पुढच्या खोलीत उभं राहून मोठ्यानं बोलल्या.

पुढच्या रविवारी ऊन रणरणत होतं. काकूंनी पहाटेपासून पुरण शिजवलं होतं. जेवणाच्या सुमाराला फाटक वाजलं. मुलगी आली, नातीचं बोट धरून. दाराशी येऊन थांबली. आत येऊ का, असं तिनं विचारलं नाही आणि अण्णांनी ये म्हटलं नाही. दोघं एकापेक्षा एक हट्टी. जावई पार रस्त्याच्या पलीकडं, गाडीला टेकून, हातात हेल्मेट घेऊन उभा. त्याला आत बोलावतील की नाही याची खात्री नव्हती, आणि का असावी?

अण्णा खुर्चीतून उठले, मुलीच्या शेजारून बाहेर पडले आणि अनवाणीच फाटकाबाहेर गेले. काकूंच्या तोंडून “अहो!” एवढंच निघालं.  वाटलं, गेलं, सगळं मुसळ केरात.

अण्णा रस्ता ओलांडून जावयापुढं जाऊन उभे राहिले.

“पावणं,” ते म्हणाले, “गाडी उन्हात का लावली? आत घ्या.”

जावई गोंधळला. तो हेल्मेट कुठं ठेवू ते बघत होता, तेवढ्यात अण्णांनी स्वतःच हँडल धरलं आणि गाडी ढकलत रस्ता ओलांडायला लागले. जावई मागून ढकलत. मुलगी धावली. “अण्णा, पाय भाजतील तुमचे!”

“भाजू दे,” अण्णा म्हणाले, आणि तिथंच, गाडीचं हँडल धरून, रस्त्याच्या मधोमध ते रडायला लागले. मुलगीही रडली. मागून येणाऱ्या रिक्षानं हॉर्न वाजवला, तरी कुणी हललं नाही. खोटं कशाला बोलू, मीही रडलो.

जेवणं झाली. काकूंनी मुलीला वाढलं, जावयाला वाढलं, नको नको म्हणेपर्यंत वाढलं. नात अण्णांच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा काढत होती, घालत होती. हात धुऊन सगळे पुढच्या खोलीत टेकले तेव्हा काकूंनी ती सीडी आणली आणि मशीनपाशी उभ्या राहिल्या.

“लावू का?”

अण्णांनी हात हलवून नको म्हटलं.

“कशाला?” ते म्हणाले. “माणसं आलीत की.”